व्यवसायाचा रकाना

भाऊबीजेनंतरच्या रविवारी नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावातून गेलात, तर एखाद्या हायस्कूलच्या फाटकावर फ्लेक्स दिसतोच. दहावीची अमुक सालची तुकडी, माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, खाली पन्नासेक पासपोर्ट फोटो. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अहमदनगर आहे आणि तोंडात अजून नुसतं नगर. मेळाव्याचा साचा ठरलेला. घंटा होते, प्रार्थना होते, निवृत्त सर हजेरीपटावरून नावं पुकारतात आणि चाळिशी ओलांडलेली माणसं ‘हजर सर’ म्हणताना खरोखर उभी राहतात. मधल्या काळात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्धता. मग गुरुजनांना शाल-श्रीफळ. मग मनोगतं. आणि मनोगतात प्रत्येकानं सांगायचं ते मुख्यतः एकच: सध्या काय करतो.

या एका प्रश्नाबद्दल मला लिहायचं आहे. तुम्ही विशी-पंचविशीत असाल, तर हे मेळावे म्हणजे काका-मावशी लोकांनी एकसारखे टी-शर्ट घालून नाचणं, असं तुम्हाला वाटत असेल. ते असतंच. पण तुमच्यासाठी हा मेळावा रोज भरलेला आहे. बारावीत शेजारी बसणारी कुठल्या कंपनीत लागली, कुणाचा व्हिसा झाला, कुणी फ्लॅट घेतला, हे तुम्हाला रात्री झोपताना कळतं. आम्हाला निदान पंचवीस वर्षांची सवड मिळाली होती.

आमच्या १९९९ च्या तुकडीनं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. गूगल फॉर्म केला. नाव, माहेरचं नाव, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, मुलं, शाळेची एक आठवण. उत्तरं ज्या क्रमानं आली, तो क्रमच बोलका होता. पहिल्याच दिवशी पुण्यातला सॉफ्टवेअरवाला, नाशिकचा डॉक्टर, पतसंस्थेचा मॅनेजर, दोन शिक्षक, एक ठेकेदार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हवालदार, कापड दुकानदार, दूध संकलन केंद्र चालवणारा. मग फॉर्म थांबला. उरलेल्या चाळीसेक जणांना फोन करावे लागले, आणि त्या फोनांवर मला कळायला लागलं की आपण विचारतोय तो प्रश्न साधा नाही.

एक म्हणाला, “नाव टाक, पण व्यवसायापुढं रेघ मार.” दुसरा म्हणाला, “शेती लिही,” आणि जरा थांबून, “शेतीला व्यवसाय म्हणतेत का गं?” लष्करातून सतरा वर्षांनी निवृत्त झालेला आणि आता एमआयडीसीतल्या एका गेटवर उभा राहणारा म्हणाला, “माजी सैनिक एवढंच टाक. पुढचं नको.” एक जण हसून म्हणाला, “काय करतो? दिवस ढकलतो. हे बसंल का त्या चौकटीत?”

मुलींचं तर आधी सापडणंच अवघड. मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन वर्षं आधीच झाला होता. मुली त्यात नव्हत्या, कारण पटावरच्या नावानं आता कुणीच कुठं राहत नव्हती. आडनाव बदललेलं, काहींचं नावही लग्नात बदललेलं, गाव बदललेलं, नंबर नवऱ्याच्या नावावरचा. शोध घ्यायचा तर भावाकडून. भाऊ आधी विचारणार, कशाला पाहिजे नंबर? सापडल्यावर काही जणी म्हणाल्या, “मिस्टरांना विचारून सांगते.” एकीकडे सहा गायी आहेत, पहाटे साडेचारला धारा काढते, चारा, शेण, डॉक्टर सगळं बघते. व्यवसाय? “गृहिणीच लिही. गायी त्यांच्या नावावर आहेत, दुधाचं बिल त्यांच्याच खात्यात येतं.” तिच्या नवऱ्याचा व्यवसाय ती म्हणाली, “दुग्धव्यवसाय.”

सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं ते याच नगरमध्ये, मिस फरार यांच्याकडे. त्या गोष्टीला दीडशे वर्षं होत आली असताना आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींची लग्नं दहावीच्या निकालाआधी ठरली होती. कायद्यानं अठराची अट होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आता मूळ मुद्दा. शाळेचा मेळावा हा ‘ज्याची जशी मेहनत तसं त्याचं फळ’ या समजुतीचा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो. अनोळखी माणसाशी तुलना केली तर म्हणता येतं, त्याचं वेगळं, माझं वेगळं. इथं तसं म्हणायची सोयच नाही. तेच सर, तोच फळा, तेच पुस्तक, एकच प्रश्नपत्रिका, पुणे विभागाचाच निकाल. एका बाकावरून तिघं उठले. एक सिंगापूरला गेला, एक तालुक्याला राहिला, एक कारखान्याच्या गाडीतळावर. मग फरक पडला कशामुळे? उत्तर समोर ठेवल्यासारखं वाटतं: तो अभ्यास करायचा, हा नाही. मेळाव्यात माइकवर कुणी असं म्हणत नाही. पण जेवणाच्या रांगेत, मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन, म्हणतात.

जितक्या जवळून बघाल तितका हा पुरावा विरघळत जातो. बाक एकच होतं, खरंय. पण बाकावर येईपर्यंतचा आणि बाकावरून उठल्यानंतरचा रस्ता एक नव्हता.

नगर जिल्हा म्हणजे मुळात दोन जिल्हे आहेत. उत्तरेत प्रवरा, मुळा, गोदावरीचे कालवे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालचं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं, सहकारी साखर कारखाना उभा केला तो १९५० च्या सुमारास. दक्षिणेत पाथर्डी, जामखेड, कर्जत, शेवगावचा काही भाग: खडक, कुसळं आणि पावसाची वाट. एका भागात ऊस पिकतो आणि दुसऱ्या भागातली माणसं तो तोडायला जातात. आमची शाळा या दोहोंच्या सीमेवर होती, त्यामुळे एकाच बाकावर पाटपाण्याचा मुलगा आणि जिरायतीचा मुलगा शेजारी बसायचे. दसरा-दिवाळी झाली की वर्गातली काही मुलं दिसेनाशी व्हायची. मुकादमाची उचल घेतलेली असायची. आई-बाप कोयता घेऊन निघाले की धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरल्यालाही जावं लागायचं. हंगाम संपून ती परत येईपर्यंत वार्षिक परीक्षा तोंडावर. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं लाल शाईनं ‘गै’ लिहिलेले महिनेच्या महिने मी बघितलेत. ‘अभ्यास करत नव्हता’ या वाक्यात हे सगळं मावतं आणि दिसेनासंही होतं.

ही ठळक उदाहरणं झाली, यावर बहुतेक जण मान डोलावतील. मला जास्त छळतात ती बारीक उदाहरणं, ज्यात घर सारखंच होतं, कष्टही सारखेच होते आणि तरीही फाटा फुटला.

आमच्यातले दोघं पोलीस झाले. दोघं रोज पहाटे एकाच डांबरी रस्त्यावर पळायचे. एक २००४ च्या भरतीत लागला. दुसऱ्याला त्याच महिन्यात कावीळ झाली. तो पुढच्या भरतीत, २००७ ला लागला. मध्ये काय घडलं होतं? राज्य सरकारनं १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली होती. त्यामुळे पहिल्याला निवृत्तीनंतर अर्ध्या पगाराइतकं पेन्शन ठरल्यासारखं, दुसऱ्याच्या पगारातून दरमहा कपात आणि पुढं जे काय हाती येईल ते. मार्च २०२३ मध्ये राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला तो याच प्रश्नावर. पोलिसांना संपावर जाता येत नाही, म्हणून हा आमचा मित्र संपाच्या बंदोबस्ताला उभा होता. त्यानं फॉर्ममध्ये लिहिलं: ‘पोलीस दल’. पहिल्यानंही तेच लिहिलं. स्मरणिकेत दोघं सारखेच दिसतात.

किंवा लष्कराची भरती. उंचीची अट १६८ सेंटिमीटर. आमच्या वर्गात १६७ चा एक होता. बाकी सगळ्यात तो पहिला असायचा.

किंवा हे बघा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर, कोपरगाव अशा तिन्ही ठिकाणी कॉलेजं निघाली. आमच्या आधीच्या पिढीला इंजिनीअर व्हायचं तर पुणं-मुंबई. आमच्या वेळी एसटीच्या पासावर जाता येईल इतक्या अंतरावर इंजिनीअरिंग होतं, फक्त फी भरायची ऐपत हवी. ज्यांच्या बापानं एकर-दीड एकर विकला किंवा ज्यांना बँकेनं कर्ज दिलं, ते २००५ च्या सुमारास बाहेर पडले आणि हिंजवडी त्यांची वाटच बघत होती. पाच वर्षं आधी किंवा दहा वर्षं नंतर तीच पदवी, तेच मार्क, आणि वेगळी गोष्ट झाली असती.

तत्त्वज्ञानात याची चर्चा बरीच झालेली आहे. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७१ च्या आपल्या ग्रंथात म्हटलं की कुणी कोणत्या घरी आणि कोणती बुद्धी घेऊन जन्मावं हे नैतिकदृष्ट्या निव्वळ सोडतीसारखं आहे. आणि पुढं जाऊन हेही म्हटलं की मेहनत करण्याची तयारीसुद्धा घरच्या परिस्थितीवर आणि समोर दिसणाऱ्या वाटांवर बरीच अवलंबून असते. हा दुसरा भाग पचायला जड आहे. बुद्धी देवाची, पैसा बापाचा, हे माणूस मान्य करतो. पण कष्ट तरी माझे, ही शेवटची मालमत्ता तो सोडत नाही.

मी हे सगळं आमच्यातल्या एका अधिकाऱ्याला फोनवर ऐकवलं. तो मेंढपाळाच्या घरातला, स्पर्धा परीक्षा देऊन वर आलेला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुझं नशीबपुराण झालं असलं तर सांगतो. पुण्यात सदाशिव पेठेत एका खोलीत पाच जण होतो. एक डबा दोघांत. चार वेळा पूर्व परीक्षा पडलो. पहाटे चारला उठून वाचायचो. हे कुणाच्या नशिबानं झालं?”

त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही आणि काढूही नये. सगळं नशिबावर टाकणं हा त्याच्या त्या चार वर्षांचा अपमान आहे. त्याच्यासारख्याच घरातून आलेले आणखी दोघं तिथं गेले होते आणि वर्षभरात कंटाळून परत आले. माणूस निवडतो, चिकाटी धरतो, सोडतो. हे जर खोटं मानलं तर कुणाचं कौतुकही करता येणार नाही आणि दारूत घर बुडवणाऱ्याला दोषही देता येणार नाही.

पण त्याच्या वाक्यातून एक गोष्ट निघत नाही. पहाटे चारला उठणं हे त्याच्या कष्टाचा पुरावा आहे. जे तिथं पोचले नाहीत ते चारला उठत नव्हते, याचा पुरावा नाही. आमच्या वर्गातला जो दरवर्षी कोल्हापूर-कर्नाटकाकडे तोडीला जातो, तो गाडी भरायची असेल तर दोनलाही उठतो. धारा काढणारी साडेचारला उठते. कष्ट ही आमच्या वर्गात दुर्मीळ गोष्ट नव्हतीच. दुर्मीळ होतं ते कष्टाचं चीज होईल असं ठिकाण. त्याच्या चार वर्षांना शेवटी एक दार होतं, चौथ्या नाही तर पाचव्या वेळी उघडू शकेल असं. कोयत्याच्या चार वर्षांना पुढच्या वर्षीची उचल असते. तेव्हा अभिमान त्यानं जरूर बाळगावा. फक्त त्या अभिमानावरून बाकीच्यांचा हिशोब मांडू नये. हे मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, “मी कुठं मांडला?” खरंच, त्यानं नव्हता मांडला. तो मांडतात त्याच्याकडे बोट दाखवून इतर लोक: बघा, मेंढपाळाचा पोरगा जाऊ शकतो, मग तुम्ही का नाही?

मायकल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं १९५८ साली गुणवत्तेच्या राज्यावर एक पुस्तक लिहिलं, ते उपहासानं. जुन्या व्यवस्थेत गरिबाला निदान म्हणता येत होतं की मला संधीच मिळाली नाही. जिथं संधी सगळ्यांना मिळाली असं जाहीर झालंय, तिथं मागं राहिलेल्याला स्वतःच्या नजरेतही तोंड लपवावं लागतं, ही त्यातली भीती. लोकांनी उपहास बाजूला ठेवला आणि तो शब्द कौतुकानं वापरायला सुरुवात केली. आपल्याकडे दहावीची गुणवत्ता यादी होती, पहिल्या पानावर पेढा भरवतानाचे फोटो होते. मंडळानं पुढं ती यादी बंद केली. आमच्या गावात ती अजून चालू आहे.

आपल्या भाषेत नशिबाला शब्द कमी नाहीत. नशीब, दैव, प्रारब्ध, संचित, योग. पण यातले काही शब्द जपून वापरावे लागतात. प्रारब्ध म्हणजे आंधळी सोडत नव्हे. प्रारब्ध म्हणजे मागच्या जन्मीच्या कर्माचं या जन्मी वाट्याला आलेलं फळ. म्हणजे फिरून पुन्हा तुझीच कमाई. पाश्चात्त्य तत्त्वज्ञ नशीब म्हणतात तेव्हा त्यांना ‘यात तुझं काही नाही’ असं म्हणायचं असतं. आपल्याकडे नशीब म्हणताना अनेकदा ‘यात तुझंच आहे, फक्त तुला आठवत नाही’ असं सुचवलेलं असतं. या एका कल्पनेवर आपण किती शतकं कुणाला पालखीत आणि कुणाला वेशीबाहेर ठेवलं, हे सांगायला नको. म्हणून एखादा यशस्वी मित्र नम्रपणे ‘सगळी देवाची कृपा’ म्हणतो, तेव्हा मला ती नम्रता पुरती पटत नाही. कृपा तुझ्यावर झाली, मग शेजारच्यावर का नाही झाली?

गंमत अशी की याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. कर्म करणं तुझ्याकडे, फळ तुझ्या हाती नाही, हे आमच्याकडे कीर्तनातून कानावर पडतच मोठं व्हायचं. आणि पंचवीस वर्षांनी भेटल्यावर आम्ही एकमेकांना विचारतो ते फक्त फळ.

नशिबाचा आणखी एक कोपरा आहे, ज्याबद्दल मेळाव्यात कुजबूज झाली. आमच्यातला एक जण सरकारी नोकरीत होता, लाच घेताना सापळ्यात सापडला, निलंबित झाला. तो मेळाव्याला आला नाही. त्याच्याबद्दल बोलताना जो तो म्हणाला, “असा नव्हता रे तो शाळेत.” थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोघांनी १९७६ मध्ये नैतिक नशीब या कल्पनेवर लेख लिहिले. नेगेलचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. छळछावणीवरचा एखादा अधिकारी, नाझी सत्तेवर आलेच नसते तर, निरुपद्रवी आयुष्य जगला असता. आणि धंद्यासाठी १९३० मध्ये अर्जेंटिनाला निघून गेलेला एखादा साधा माणूस जर्मनीतच राहता तर कदाचित त्या छावणीवर असता. म्हणजे आपण चांगले राहिलो, यातही परीक्षाच न होण्याचा वाटा असू शकतो. आमच्यातल्या किती जणांसमोर कधी पाकीट ठेवलंच गेलं नाही? माझ्यासमोर तर नाही. याचा अर्थ त्याचा गुन्हा कमी होतो असं मी म्हणत नाही. ज्या माणसाकडून त्यानं पैसे मागितले, त्याच्यासाठी ही चर्चा निरर्थक आहे. पण आपण त्याच्याकडे ज्या उंचीवरून बघतो, ती उंची तपासून घ्यायला हवी.

मग विचारायचंच नाही का? ‘सध्या काय करतोस’ हा प्रश्न बंद करावा?

इंग्लंडमध्ये १९६४ साली ग्रॅनडा टेलिव्हिजननं सात वर्षांच्या चौदा मुलांवर एक माहितीपट केला. त्यात मायकल अ‍ॅप्टेड हा तरुण संशोधक होता. पुढं तो दर सात वर्षांनी त्याच मुलांकडे जात राहिला: चौदाव्या वर्षी, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या, थेट त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत. जगातला बहुधा सर्वांत लांबलेला स्नेहमेळावा. चौदांत मुली चारच होत्या, याची खंत अ‍ॅप्टेडनं नंतर बोलून दाखवली. त्यांच्यातल्या जॅकीनं मोठी झाल्यावर त्याला कॅमेऱ्यासमोरच जाब विचारला की आमचं काय दाखवायचं ते तूच ठरवतोस. सातव्या वर्षी उड्या मारणारा नील अठ्ठाविसाव्या वर्षी स्कॉटलंडमध्ये बेघर फिरताना सापडतो. तुम्ही तिथंच माहितीपट थांबवला, तर ही एका वाया गेलेल्या मुलाची गोष्ट आहे. पण बेचाळिसाव्या वर्षी तो लंडनच्या एका भागात निवडून आलेला नगरसेवक आहे. मधल्या अडचणीच्या काळात त्याला काही दिवस राहायला जागा दिली ती ब्रूसनं, त्याच माहितीपटातल्या दुसऱ्या मुलानं. दोघं एका शाळेतले नव्हते, एका वर्गातले तर मुळीच नव्हते. एकत्र विचारले गेलेले होते, एवढंच नातं.

मला त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, की पंचविसाव्या वर्षीचा मेळावा हा निकाल नसतोच. तो मध्येच थांबवलेला चित्रपट असतो. आमच्या सिंगापूरवाल्याचंही पुढं काय व्हायचं ते व्हायचंय. दुसरी, की विचारण्यात गैर नाही, कशासाठी विचारतो त्यावर आहे.

माझी आजी पोस्टकार्ड लिहून घ्यायची. सुरुवात ठरलेली: इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. खुशाली विचारायची, प्रगती नाही. प्रगती शाळेतल्या पुस्तकात असते आणि तिच्यावर पालकांची सही लागते. खुशालीचा प्रश्न विचारणारा उत्तर ऐकून काहीतरी करायला तयार असतो: औषध पाठवील, धान्य पाठवील, नाही तर नुसता येऊन दोन दिवस राहील. प्रगतीचा प्रश्न विचारणारा उत्तर ऐकून तुम्हाला जागेवर बसवतो, वर किंवा खाली. अर्थात खुशालीतही लबाडी होतीच. सासरी हाल काढणाऱ्या मुलींनी ‘सर्व खुशाल’ लिहून पाठवलेली पत्रं घराघरांत असतील. तरी पण प्रश्नाची दिशा बरी होती.

तुम्ही म्हणाल, मग व्यवसाय न विचारता ‘कसा आहेस’ विचारा, झालं. तसं होत नाही. स्मरणिकेच्या बैठकीत मी व्यवसायाचा रकाना काढून टाकायचं सुचवलं. सगळ्यात मोठा विरोध आला तो ट्रक चालवणाऱ्या मित्राकडून. “का काढायचा? मी आसामपासून केरळपर्यंत गाडी चालवली, स्वतःची गाडी घेतली. ड्रायव्हर लिहायला मला लाज नाही, तुला का वाटती?” बरोबर होतं त्याचं. लाज वाटेल म्हणून रकाना झाकणं म्हणजे ते काम लाजेचं आहे हे आपणच ठरवून टाकणं. दुसऱ्या बाजूला ज्यानं रेघ मारायला सांगितली होती, त्याचाही हक्क खराच. माणसानं आपलं आयुष्य वर्गमित्रांना सांगितलंच पाहिजे असं कर्ज त्याच्यावर नाही. तीन वर्षं एका खोलीत बसलो म्हणून पुढच्या पंचवीस वर्षांचा जमाखर्च मागायचा अधिकार कुणाला मिळत नाही. शेवटी रकाना ठेवला, ज्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत छापलं, आणि रेघेच्या जागी रेघ. ‘यशस्वी विद्यार्थी’ नावाचं पान करायचं एका वर्गणीदाराचं म्हणणं होतं, ते दोन मतांनी पडलं. धारा काढणारीला मी परत फोन केला. ती म्हणाली, “बरं, गृहिणी आणि सहा गायी असं लिही.” तसं छापलंय.

ज्यानं ‘शेतीला व्यवसाय म्हणतेत का’ विचारलं होतं, त्याच्या नावापुढं ‘शेती’ छापलं. मेळाव्याला तो आला, जेवला, फोटोत मागच्या रांगेत उभा राहिला. दोन महिन्यांनी त्याच्या धाकट्या भावाकडून कळलं की त्याचं दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाललंय. स्मरणिकेच्या सगळ्या रकान्यांत हे कुठंच बसणारं नव्हतं, आणि बसत असतं तरी त्यानं लिहिलं नसतं. ग्रुपवर पैसे गोळा झाले. पहिले दोन हजार धारा काढणारीनं पाठवले, दुधाच्या बिलातले, कसे काढले तिलाच माहीत. मग बाकीच्यांचे आले, काहींचे पंचवीस-पंचवीस हजार.

ज्याच्याकडे हिशोब होता, त्यानं देणगीदारांची यादी ग्रुपवर टाकली, रकमेच्या उतरत्या क्रमानं. आजारी मित्र त्याच ग्रुपमध्ये होता. त्याचा मला फोन आला. पैशाबद्दल एक शब्द नाही, एवढंच म्हणाला, “तेवढी यादी काढायला सांग.” यादी काढली गेली. रात्री कुणीतरी रकमा गाळून पुन्हा टाकली, या वेळी शाळेच्या हजेरीपटाच्या क्रमानं, म्हणजे कुणाचा वर-खाली प्रश्नच नको. आमच्या पटावर आधी सगळी मुलं असायची आणि त्यानंतर मुली. त्यामुळे सगळ्यात आधी पैसे पाठवणारी एकोणपन्नासाव्या नंबरावर गेली.